दगडांतील बिळें

शेताच्या बांधांत खेकडा बीळ करितो, हें वाचकांस ठाऊक आहे. पुढें तें गाळानें बुजतें, आणि त्याची खूणहि उरत नाहीं. परंतु सुमारें ४५ कोटि वर्षांपूर्वीं समुद्राच्या तळीं पाडलेलीं बिळें आज घरांच्या भिंतींत दिसतात, हें कोणास खरें वाटेल काय?

कानडा देशांतील मॅनिटोबा प्रांतांत, विनिपेग शहराच्या ईशान्येस, गार्सन नांवाचें गांव आहे. तेथील खाणींतून टिंडल नांवाचा चुनखडीचा दगड निघतो. तो पिवळसर पांढरा असून त्यावर फांद्या फुटल्यासारखी तपकिरी नक्षी असते. त्या प्रांताचें विधानभवन १९२० सालीं पुरें झालें, तें ह्याच दगडाचें आहे. १९१६ च्या आगीनंतर ऑटावा येथील पार्लमेंटची मुख्य इमारत पुन्हां बांधिली, तेव्हां तिच्या आंतील भिंतींसहि हाच दगड लाविला.

ही नक्षी मनुष्यानें काढिलेली नाहीं. ज्या काळीं हा दगड झाला, त्या काळीं तो प्रदेश विषुववृत्ताजवळ असून त्यावर उबदार, उथळ समुद्र पसरला होता. तळाशीं चुन्याचा मऊ चिखल सांचे, आणि त्यांत लहान प्राणी बिळें करीत. पुढें तीं गाळानें भरलीं. हा गाळ भोंवतालच्या चिखलाइतका घट्ट नव्हता. म्हणून त्यांतून पाणी सहज झिरपे. त्या पाण्यांतील मॅग्नेशियम चुन्यांत मिसळलें, आणि बिळांचा व त्यांच्या कडेचा भाग डोलोमाइट नांवाचा निराळा दगड बनला. तोच आज गडद दिसतो.

दगडांतील अशा आकृतींस फांद्या आहेत, म्हणून त्या समुद्रांतील वनस्पतींच्या असाव्यात, असें पूर्वीं पुष्कळ विद्वान समजत. परंतु नाथोर्स्ट नामक स्वीडिश शास्त्रज्ञानें जिवंत प्राणी चिखलावर कशा खुणा करितात तें स्वतः पाहिलें, व त्या खुणांचीं दगडांतील आकृतींशीं तुलना करून १८८१ सालीं दाखविलें कीं, त्यांपैकीं पुष्कळ प्राण्यांनींच केलेल्या आहेत. केवळ रूप सारखें दिसलें म्हणून कारणहि तेंच मानूं नये, हा धडा ह्यावरून मिळतो.

टिंडल दगडांतील बिळें करणारा प्राणी कोणता, हें अद्यापि निश्चित ठरलेलें नाहीं. त्याचा देह राहिला नाहीं. त्याचें काम राहिलें.

विचारण्याचे प्रश्न

१. बिळाचा भाग भोंवतालच्या दगडाहून गडद कां झाला?
२. नाथोर्स्ट ह्यानें निर्णय करण्यापूर्वीं काय पाहिलें?
३. आपल्या गांवच्या ओल्या मातींत कोणकोणत्या प्राण्यांच्या खुणा दिसतात?