घर भाड्याचं, हिशोब ऑगस्टचा

कॅम्पसमधून नोकरी लागली की दोन-चार वर्षांत बहुतेकांच्या डोक्यात एक विचार येतोच: एखादं घर घेऊन भाड्याने द्यावं, हप्ता भाड्यातून फिटेल आणि घर फुकटात आपलं! माझा मामा यंदा निवृत्त झाला. त्यालाही फंडाच्या पैशातून हेदवीला घर घ्यायचंय. "इंजिनिअर होणार ना तू? मग हिशोब करून दे," म्हणाला. आयुष्यभराची पुंजी असल्यामुळे हे काम मी सबमिशनपेक्षा जास्त सीरियसली घेतलं. त्यातून जी पद्धत हाती आली ती इथे मांडते.

१) भाडेकरू कोण?

हेदवीला दशभुज गणेशाचं देऊळ आहे, बामणघळ आहे, समुद्र आहे. म्हणजे पर्यटक येणार. पण ते मे महिन्यात आणि दिवाळीत. ऑगस्टच्या धो धो पावसात किती येणार? आपण लोड फॅक्टर शिकतो: सरासरी लोड भागिले पीक लोड. मेमधल्या भाड्याला बाराने गुणणं म्हणजे वर्षभर पीक लोड मिळेल असं धरून चालणं.

शिवाय एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नये. याचा धडा गुहागर तालुक्यातच आहे. अंजनवेलला एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. वीज घेणारं गिऱ्हाईक एकच, राज्य वीज मंडळ. दर परवडेना, २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि प्रकल्प बंद पडला. पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं, तेही नव्या कंपनीच्या हाती. एवढ्या मोठ्या कारखान्याची ही गत, तिथे दोन खोल्यांच्या घराचं काय!

म्हणून निदान तीन प्रकारचे भाडेकरू कागदावर लिहावेत. हेदवीसाठी मी लिहिले ते असे: पर्यटक, शेजारच्या वेळणेश्वरच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी आणि स्टाफ, आणि बदली होऊन येणारे शिक्षक किंवा बँक कर्मचारी. मग प्रत्येकासमोर एकच प्रश्न: हा ऑगस्टमध्ये भाडं देईल का?

२) हातात काय उरतं?

समजा घर २० लाखांचं. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि सुरुवातीची डागडुजी धरून २२ लाख. भाडं महिना ८,००० आणि वर्षातले दहा महिने भाडेकरू, म्हणजे ८०,००० रुपये. त्यातून घरपट्टी, रंग, छपराची दुरुस्ती, खाऱ्या हवेने गंजणारे ग्रिल आणि देखरेख करणाऱ्याचे पैसे मिळून २०,००० वजा करा. उरले ६०,०००. बावीस लाखांवर हे पावणेतीन टक्केसुद्धा होत नाहीत! शेजारी बँकेच्या मुदत ठेवीचा दर लिहा आणि स्वतःच बघा.

कर्ज काढलं तर? १५ लाख, ९ टक्के, २० वर्षं: हप्ता साधारण १३,५०० रुपये. भाड्यातून सुटतात महिना ५,०००. उरलेले साडेआठ हजार दरमहा खिशातून. "किंमत वाढेल की," असं सगळे म्हणतात. वाढेलही, पण ती आशा झाली. भाड्याच्या रकान्यात ती लिहू नये.

३) कागद काय म्हणतात?

कॉन्व्हेंटमध्ये सातबारा कोणी शिकवत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. कोकणातल्या सातबाऱ्यावर बऱ्याचदा काका, चुलते, मुंबईला गेलेले भाऊ अशी दहा-बारा नावं असतात. संपूर्ण जागा घ्यायची तर सगळ्यांच्या सह्या लागतात. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. जमीन शेतीची असेल, तर शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. समुद्राजवळच्या घराला सीआरझेडचे नियम लागतात, म्हणून "मागे अजून दोन खोल्या काढू" हे आधी तपासावं. आणि भाडेकरार लेखी व नोंदणी केलेला हवा. भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे.

हे सगळं मी मामाला लिहून दिलं. त्यावर त्याचं म्हणणं, "गावाला हक्काचं घर हवं गं." हे कारण मला अगदी पटतं. मात्र तसं असेल तर ते घर आपल्यासाठी घ्यावं, झेपेल तेवढंच घ्यावं आणि म्हातारपणाचा औषधपाण्याचा पैसा बाजूला ठेवून घ्यावं. भाडं आलं तर बोनस. पण घर भाड्यासाठीच घ्यायचं असेल, तर समुद्र बघण्याआधी ऑगस्टचा हिशोब करा. तो जमला तरच विसार द्या.