समानार्थी शब्दांचा अभ्यास : घरची शिदोरी आणि प्रवेश परीक्षा

आपल्या वसतिगृहातील पाचवीची मुले-मुली दरवर्षी जवाहर नवोदय विद्यालयाच्या निवड चाचणीची तयारी करतात. १९८५-८६ मध्ये या विद्यालयांचा प्रारंभ हरियाणातील झज्जर आणि आपल्या महाराष्ट्रातील अमरावती या दोन ठिकाणी झाला. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असल्यामुळे आपल्या समाजातील अनेक घरांच्या आशा या परीक्षेशी जोडलेल्या असतात. सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. म्हणूनच तिच्यातील प्रत्येक गुणाला मोल आहे.

चाचणीत एकूण ८० प्रश्न, १०० गुण आणि दोन तासांचा अवधी असतो. त्यांपैकी भाषेचे २० प्रश्न २५ गुणांसाठी असून ते उताऱ्यांवर आधारित असतात. उताऱ्यातील एखादा शब्द देऊन त्याचा समानार्थी शब्द विचारण्याची पद्धत जुनीच आहे. प्रश्न छोटा दिसतो. पण आमची गुणी मुले नेमकी तेथेच अडखळतात. याचे कारण त्यांच्या बुद्धीत नसून आपल्या शिकवण्यात आहे, हे मला फार उशिरा कळले.

काही वर्षांपूर्वी सराव चाचणीत मी ‘शेत’ या शब्दाचा समानार्थी शब्द लिहावयास सांगितला होता. विदर्भातून आलेल्या एका मुलाने ‘वावर’ असे लिहिले. पुस्तकातील यादीत ‘क्षेत्र’ आणि ‘शिवार’ हे दोनच शब्द होते; मी त्याच्या उत्तरावर लाल फुली मारली. त्याने नम्रपणे विचारले, “सर, आमची आई रोज दुसऱ्याच्या वावरात जाते. मग वावर म्हणजे शेत नव्हे काय?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याचे उत्तर बरोबर होते आणि माझी फुली चूक होती. त्या दिवसापासून मी यादी बाजूला ठेवली आणि धडा मुलांच्या घरापासून सुरू केला.

पहिली पायरी : घरातील शब्द गोळा करणे

आपली मुले शब्दांच्या बाबतीत दरिद्री नाहीत. शेताला कोणी रान म्हणते, कोणी वावर, कोणी मळा, कोणी शिवार. पाण्याच्या लहान प्रवाहाला ओढा, नाला, ओहळ, वहाळ असे शब्द आहेत. कष्टकऱ्याच्या मुलाला दोरी, सुतळी, दावे, चऱ्हाट आणि नाडा यांतील भेद कोणी शिकवावा लागत नाही. जनावर बांधायचे ते दावे आणि पोते शिवायची ती सुतळी, हे त्याने हाताने अनुभवलेले असते. समानार्थी शब्द म्हणजे अगदी एकच अर्थ असलेले शब्द नव्हेत. त्यांचा अर्थ जवळचा असतो, पण प्रत्येकाची छटा वेगळी असते. हे तत्त्व त्याला आधीच ठाऊक आहे. शिक्षकाने त्याला त्याची जाणीव करून द्यावयाची असते.

दुसरी पायरी : मूळ आणि शेपूट

परीक्षेतील बरेच शब्द संस्कृतातून आलेले असतात. ते पाठ करण्याऐवजी उकलून पाहावेत. पाण्यासाठी पाच शब्द घ्या : जल, नीर, अंबु, वारि, पय. आता तीन शेपट्या लक्षात ठेवा. ‘ज’ म्हणजे जन्मलेला, ‘द’ म्हणजे देणारा, ‘धी’ म्हणजे साठा.

पाण्यात जन्मते ते कमळ : जलज, नीरज, अंबुज, वारिज, पयोज.
पाणी देतो तो ढग : जलद, नीरद, अंबुद, वारिद, पयोद.
पाण्याचा साठा तो समुद्र : जलधी, नीरधी, अंबुधी, वारिधी, पयोधी.

पाच शब्द आणि तीन शेपट्या, म्हणजे आठ गोष्टी स्मरणात ठेवल्या की पंधरा नवे शब्द आपोआप हाती येतात. हीच किल्ली इतरत्रही चालते. ‘अनु’ म्हणजे मागून. म्हणून अनुज म्हणजे धाकटा भाऊ. ‘अग्र’ म्हणजे पुढे. म्हणून अग्रज म्हणजे थोरला भाऊ.

तिसरी पायरी : फसवे शब्द

ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने अर्थ बदलतो. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. सुर म्हणजे देव, सूर म्हणजे स्वर. पर्यायांत असे जोडशब्द मुद्दाम दिलेले असतात.

काही शब्दांना एकाहून अधिक अर्थ असतात. कर म्हणजे हात आणि सरकारी सारासुद्धा. पय म्हणजे पाणी आणि दूधही. द्विज म्हणजे दोनदा जन्मलेला : आधी अंडे व मग पिल्लू, म्हणून पक्षी द्विज, दुधाचे पडून पुन्हा येतात म्हणून दातही द्विज. उपनयनाने दुसरा जन्म होतो असे मानणाऱ्या वर्णव्यवस्थेने हाच शब्द वरच्या वर्णांसाठी वापरला. विद्यार्थ्याने पर्यायांत ‘पक्षी’ असेल तर तोच निवडावा. मात्र शब्दालाही सामाजिक इतिहास असतो, हे त्याला माहीत असावे.

चौथी पायरी : वाक्यात ठेवून पाहणे

पुढील उतारा वाचा.

“वैशाख सरत आला होता. शेवंता आणि तिचा अनुज ओढ्यावरून घागरी भरून परतत होते. वाटेत एक वृद्ध वाटसरू तृषेने व्याकूळ होऊन बसला होता. शेवंताने घागर कलंडून त्याच्या ओंजळीत पाणी ओतले. त्याच्या नयनांत कृतज्ञता दाटून आली.”

१. तृषा : (अ) भूक (ब) तहान (क) थकवा (ड) भीती
२. वाटसरू : (अ) पहारेकरी (ब) सारथी (क) पांथस्थ (ड) शेतकरी
३. अनुज : (अ) थोरला भाऊ (ब) मित्र (क) पुतण्या (ड) धाकटा भाऊ

पहिल्या प्रश्नाचे उत्तर उताऱ्यातच आहे. ज्याला पाणी दिले तो तहानलेलाच असणार. दुसऱ्यात ‘वाट’ आणि ‘पंथ’ यांचे नाते ओळखले की ‘पांथस्थ’ सापडतो. तिसऱ्याचे उत्तर उताऱ्यातून मिळत नाही. तेथे शब्दाची उकल उपयोगी पडते. उत्तरे अनुक्रमे ब, क आणि ड. प्रत्येक पर्याय मूळ वाक्यात ठेवून वाचावा. जेथे अर्थ मोडतो तो पर्याय गाळावा. या चाचणीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

‘तृषा’ शिकवताना मी मुलांना आणखी एक गोष्ट सांगतो. आपण धम्मात ‘तण्हा’ हा पाली शब्द ऐकतो. दुःखाचे कारण म्हणून तथागतांनी तिचा निर्देश केला. संस्कृतातील तृष्णा, पालीतील तण्हा आणि आपल्या आईच्या तोंडची तहान ही एकाच कुळातील भावंडे आहेत. जो शब्द ग्रंथात आहे, तोच आपल्या माठापाशीही आहे.

समानार्थी शब्दांचा हा वारसा आपल्याला परका नाही. संस्कृतातील सर्वांत प्रसिद्ध समानार्थी कोश म्हणजे अमरकोश. त्याचा कर्ता अमरसिंह बौद्ध होता, असे परंपरेने मानले जाते. आणि त्याच्या पहिल्याच वर्गात बुद्धाची सुगत, तथागत ही नावे ब्रह्मा-विष्णूंच्या नावांआधी येतात. त्याच धर्तीवर बाराव्या शतकात श्रीलंकेत मोग्गल्लान यांनी ‘अभिधानप्पदीपिका’ हा पाली कोश रचला. ज्या बाबासाहेबांना अस्पृश्य म्हणून शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही आणि पर्शियन घ्यावी लागली, त्यांनी पुढे संस्कृतचा स्वतः अभ्यास केला आणि पाली शब्दकोशही सिद्ध केला. महाराष्ट्र शासनाने तो त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केला आहे.

पाण्याला ‘जीवन’ असाही समानार्थी शब्द आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा या दोन शब्दांमधील अंतर मिटवण्याचाच तो प्रयत्न होता. कोशात पाणी आणि जीवन एका ओळीत असतानाही समाजाने माणसांना पाण्यापासून दूर ठेवले होते. हा धडा परीक्षेत विचारला जात नाही, पण तो सांगितल्याशिवाय मी पाण्याचे समानार्थी शब्द शिकवत नाही.

पालकांना माझी एक विनंती आहे. सुटीत मूल घरी आले की रोज पाच शब्द त्याच्याकडून ऐका. आपल्याला लिहिता-वाचता येत नसले तरी अडत नाही. “याला आपण काय म्हणतो?” असे मुलाने विचारावे आणि आपण आपला शब्द सांगावा. वहीत एका बाजूला पुस्तकातला शब्द आणि दुसऱ्या बाजूला घरचा शब्द लिहावा. माजी विद्यार्थ्यांनी गावी गेल्यावर अशा दोन-चार मुलांच्या वह्या पाहिल्या, तरी संस्थेचे मोठे काम होईल.

परीक्षेत ‘क्षेत्र’ हा पर्याय निवडावा लागेल, तेव्हा आमचा विद्यार्थी तो निवडील. मात्र तसे करताना आपल्या आईचे ‘वावर’ चुकीचे आहे, असे त्याला यापुढे कोणी सांगू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!