ती तारीख पुन्हा येते तेव्हा

बायबल वाचन : योहान ११:३२-३६, योहान २०:१९-२९, १ थेस्सलनी ४:१३-१८



प्रत्येक घराच्या कॅलेंडरवर एक तरी अशी तारीख असते, जिच्याभोवती कोणी खूण केलेली नसते, तरी ती सर्वांना ठाऊक असते. त्या दिवशी आई गेली, पती गेला किंवा तरणाताठा मुलगा सकाळच्या लोकलने कामावर गेला तो परतलाच नाही. ती तारीख जवळ आली की आठ-दहा दिवस आधीच घर गप्प होते. काही घरांत तर मृत्यू ऐन सणाच्या दिवसांत आलेला असतो. डिसेंबरात थोरला गेला म्हणून मग त्या घरात गोठा होत नाही, कंदील लागत नाही. थोरल्याबरोबर धाकट्या भावंडांचा नाताळही पुरला जातो. ती मुले तोंडाने काही बोलत नाहीत, पण मनात विचारतात : आम्ही जिवंत आहोत, याचा या घराला आनंद नाही का?

म्हणून ख्रिस्ती माणसाने अशा दिवसाकडे कसे पाहावे, हा प्रश्न केवळ गेलेल्या माणसाचा नाही, मागे राहिलेल्यांचाही आहे.

अश्रूंना मनाई नाही

‘किती दिवस रडणार? आता विसरा,’ असे लोक सांगतात. ‘देवाची इच्छा होती, श्रद्धावंताने रडू नये,’ असेही सांगतात. यांपैकी एकही सल्ला शुभवर्तमानात बसत नाही. लाजरसला आपण उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू येशू रडला. संत पौलही थेस्सलनीच्या ख्रिस्ती लोकांना शोक करण्यास मना करत नाही. ज्यांना आशाच नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, एवढेच तो सांगतो.

संत मोनिका इ. स. ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया या बंदरगावी वारली. आफ्रिकेत, पतीच्या शेजारी आपल्याला मूठमाती मिळावी अशी तिची जुनी इच्छा होती. पण शेवटी तिने मुलांना सांगितले की देह कोठेही पुरा, फक्त जेथे असाल तेथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. तिचा मुलगा संत ऑगस्टीन याने दफनाच्या वेळी अश्रू दाबून धरले. नंतर एकांतात मात्र तो मनसोक्त रडला. त्या रडण्याला कोणी हसू नये, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. सुमारे दहा वर्षांनी त्याने ‘कन्फेशन्स’ हा ग्रंथ लिहिला. त्यात आईच्या मरणाची हकीगत सांगताना तो तिच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतो आणि वाचकांना आपल्या आईवडिलांसाठी प्रार्थना करण्याची विनंती करतो. दुःख पुसले गेले नाही, त्याची प्रार्थना झाली.

मृत्युदिन की जन्मदिन?

दुसऱ्या शतकात स्मुर्णा नगरीचे (आजचे तुर्कस्तानातील इझमीर) बिशप संत पोलिकार्प यांना जाळून मारण्यात आले. त्यांच्या लोकांनी अस्थी गोळा करून जपून ठेवल्या आणि दुसऱ्या एका ख्रिस्तसभेला पत्र लिहिले. दरवर्षी त्या दिवशी आपण आनंदाने एकत्र जमू, असे त्यात म्हटले आहे. त्या दिवसाला त्यांनी जन्मदिन म्हटले! तेव्हापासून ही ख्रिस्तसभेची रीत झाली. प्रभू येशू, पवित्र मरिया आणि संत योहान बाप्तिस्ता या तिघांचेच जन्मोत्सव आपल्या उपासनेच्या कॅलेंडरमध्ये आहेत. इतर संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्युदिनाच्या आसपास असतो.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे इतर २५ जणांसह क्रुसावर ठार मारण्यात आले. १८६२ मध्ये त्यांना संतपद जाहीर झाले. ज्या तारखेला मारेकऱ्यांनी त्यांचा शेवट केला असे मानले, तिच्या दुसऱ्याच दिवशी, ६ फेब्रुवारीला, ख्रिस्तसभा त्यांचा सण साजरा करते. तारीख बदलली नाही म्हटले तरी चालेल. बदलली ती नजर.

कोणी म्हणेल, ‘फादर, ते रक्तसाक्षी होते. आमचा माणूस तर साधा, आजारपणात गेला.’ खरे आहे. पण स्नानसंस्कारात दोघांनाही ख्रिस्ताचे एकच मरण आणि एकच पुनरुत्थान लाभले. आपली आशा मृताच्या थोरवीवर नव्हे, तर ख्रिस्ताच्या विजयावर उभी आहे.

आठवण आणि आशा

त्याच ग्रंथात संत ऑगस्टीन काळाचा विचार करतो. भूतकाळ आपल्या मनात आठवण म्हणून राहतो आणि भविष्यकाळ अपेक्षा म्हणून. दोन्ही असतात ते आजच्याच दिवसात. स्मृतिदिनी आपण फक्त पहिल्या बाजूला पाहतो. गेला, संपले! श्रद्धा आपली मान हळूच दुसरीकडे वळवते : भेट व्हायची आहे.

ही गोष्ट आपण दर रविवारी करतच असतो. पवित्र मिस्सा ही कोणत्या रात्रीची आठवण आहे? प्रभूचा विश्वासघात झाला त्या रात्रीची. शिष्यांच्या आयुष्यातील ती सर्वांत काळी रात्र. आणि आपण तिला ‘युखारिस्त’ म्हणतो, ज्याचा मूळ ग्रीक अर्थ उपकारस्तुती असा आहे. पुनरुत्थित प्रभूच्या देहावर खिळ्यांच्या जखमा तशाच होत्या. त्याने त्या लपवल्या नाहीत, थोमाला दाखवल्या. आनंद म्हणजे जखम नसणे नव्हे. तो हुकमावर येत नाही आणि ओढूनताणून हसण्यानेही येत नाही. कृतज्ञतेच्या मागोमाग तो हळूहळू येतो.

त्या दिवशी काय करावे?

१. मृतासाठी मिस्सा अर्पण करा आणि सर्व कुटुंबाने तिला एकत्र या. मुलांना घरी ठेवू नका.

२. रात्री जपमाळेनंतर प्रत्येकाने गेलेल्या माणसाची एक चांगली आठवण सांगावी. हसू आले तर हसा. तो अपमान नाही.

३. शेवटचे बोलणे भांडणाचे झाले असेल तर ते मनात कुजवू नका. प्रार्थनेत क्षमा मागा आणि क्षमा करा. मरणाने आपले नाते तुटत नाही. म्हणूनच आपण मृतांसाठी प्रार्थना करतो.

४. त्यांच्या आवडीचे जेवण करा आणि त्यातला एक डबा एखाद्या एकट्या माणसाकडे पोहोचवा.

५. सण बंद पडला असेल तर यंदा छोटासा का होईना, गोठा करा. त्यातला तारा थोरल्याच्या नावाने धाकट्याला लावू द्या.

चिंतनासाठी प्रश्न

• आमच्या घरात कोणत्या तारखेविषयी कोणी बोलत नाही? का?

• त्या माणसाच्या आयुष्यातील कोणत्या एका गोष्टीसाठी आज मी देवाचे आभार मानू शकेन?

• माझ्या दुःखामुळे घरातील कोणाचा आनंद थांबला आहे का?

पुनरुत्थित प्रभू बंद दारांतून आत आला होता. आपल्या घरातल्या त्या बंद तारखेतही तो येवो आणि म्हणो, तुम्हांला शांती असो. आमेन.

– तुमचे धर्मगुरू