पित्ताची गोळी आणि जठरातील जिवाणूंची तपासणी

मिरजगाव व पंचक्रोशीतून आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या अनेक रुग्णांच्या खिशात पॅन्टोप्राझोल अथवा ओमेप्राझोलची पट्टी असते. लोक तिला ‘पित्ताची गोळी’ म्हणतात. या गोळीने जळजळ शमते. परंतु तपासणीच्या वेळी तीच दिशाभूल करू शकते, याकडे आम्ही या अहवालाच्या निमित्ताने लक्ष वेधू इच्छितो.

जठरव्रणाचे, म्हणजेच अल्सरचे, एक प्रमुख कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू होय. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना या शोधाबद्दल २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा संसर्ग दीर्घकाळ राहिल्यास जठराच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

हा जिवाणू युरिएज नावाचे एन्झाइम तयार करतो. श्वास चाचणी व दुर्बिणीने काढलेल्या तुकड्याची जलद चाचणी या दोन्ही त्यावरच आधारलेल्या आहेत. गोळीमुळे आम्ल घटले की जिवाणूंची संख्या व त्यांचे कार्य मंदावते. मात्र ते समूळ नष्ट होत नाहीत. शौचाच्या तपासणीतही मग ते निसटू शकतात. अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो, रुग्ण निर्धास्त होतो आणि काही महिन्यांनी व्रण पुन्हा डोके वर काढतो. मोजणीच्या वेळी माल नजरेआड राहिला, म्हणून गोदाम रिकामे ठरत नाही, तसेच हे आहे. गोळी चालू असताना आलेला ‘पॉझिटिव्ह’ अहवाल मात्र सहसा विश्वसनीय असतो.

यासाठी तपासणीपूर्वी ही गोळी किमान दोन आठवडे आणि प्रतिजैविके किमान चार आठवडे बंद असावीत. उपचारानंतरची फेरतपासणीही औषधे संपल्यावर चार आठवड्यांनीच करावी. रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचणीवर गोळीचा परिणाम होत नाही. परंतु संसर्ग आजचा की पूर्वीचा, हे तिच्यावरून कळत नाही.

तथापि, गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. विशेषतः ज्यांना पूर्वी रक्तस्राव झाला आहे अथवा जे ॲस्पिरिन किंवा वेदनाशामके घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा. काळी शौच वा रक्ताची उलटी झाल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

तपासणीस येताना घेत असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या सोबत आणाव्यात आणि शेवटची गोळी केव्हा घेतली ते आवर्जून सांगावे, ही आमची नम्र विनंती. एवढ्याशा माहितीने रुग्णाचा पैसाही वाचतो आणि योग्य उपचारही वेळेवर सुरू होतात.