घरबसल्या काम : खरे कोणते, खोटे कोणते?



"टीचर, मोबाईलवर पैसे दिसतात, पण काढता येत नाहीत."

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका विद्यार्थ्याची आई शाळेत येऊन हे सांगू लागली, तेव्हा आम्हांला प्रथम काहीच उमगले नाही. तिने मोबाईल पुढे केला. पडद्यावर तिच्या नावे बावीस हजार रुपये जमा दिसत होते. ते मिळावेत म्हणून तिने स्वतःचे अकरा हजार भरले होते, आणि तेही मुलाच्या अकरावीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले. ही बाई कष्टाळू. पहाटे उठून घरचे सगळे आवरून दिवसभर राबणारी. तिला फुकटचे काही नको होते, काम हवे होते. अशी माणसे आपल्या गावागावांत आहेत, म्हणून या अंकातला पाठ याच विषयावर घेत आहोत.

काम घरी का शोधावे लागते?

डिचोली तालुक्यातील कित्येक घरांची चूल खाणीवर पेटत असे. कोणी खाणीवर कामाला, कोणाचा ट्रक, कोणी मांडवीतल्या बार्जवर, तर कोणाचे रस्त्याकडेला गॅरेज किंवा चहाचे दुकान. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये अटींवर परवानगी मिळाली. पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद पडल्या. डिसेंबर २०२२ मध्ये खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले व पुढे काही ठिकाणी काम चालू झाले. मधल्या वर्षांत मात्र अनेकांनी ट्रक विकले आणि घरचे गणित बदलले.

पेडण्यात वेगळा बदल झाला. मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. नव्या नोकऱ्या आल्या. पण रात्रपाळी, इंग्रजी-हिंदी संभाषण आणि येण्याजाण्याची सोय प्रत्येकीला जमेलच असे नाही. घरी म्हातारी माणसे व लहान मुले असली की गृहिणीला काम घरीच हवे असते. त्यात २०२० च्या टाळेबंदीने मोठमोठ्या कचेऱ्यांचे कामही घरून होऊ शकते हे सर्वांना दाखवले. मागणी वाढली, आणि मागणीच्या मागोमाग ठकही आले.

घरून काम आपल्याला नवे नाही

चवथीपूर्वी चित्रशाळेत मूर्ती रंगवणारी घरची माणसे, डिचोलीचे कुंभार, आमसुले आणि हरमलची मिरची वाळवून बाजारात पाठवणाऱ्या बायका ही सारी घरून काम करणारी माणसेच. हरमलच्या मिरचीला तर आज भौगोलिक मानांकनही आहे.

मुंबईचे उदाहरण घ्या. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढची 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही संस्था. तिथे भगिनी केंद्रावरून मळलेले पीठ वजन करून घरी नेतात, पापड लाटून, वाळवून परत आणून देतात आणि लाटणावळ घेतात. संस्थेच्या सभासद व मालकही त्याच.

या व्यवहारात तीन गोष्टी दिसतात. काम देणारा माहीत आहे. तयार झालेल्या वस्तूला गिऱ्हाईक आहे. आणि पैसा काम देणाऱ्याकडून काम करणाऱ्याकडे येतो, उलट जात नाही. आजच्या पाठाचे सार या तिसऱ्या गोष्टीत आहे.

फसवणुकीचे चार नमुने

१) डेटा एंट्री. आधी नोंदणी शुल्क घेतात. मग शेकडो पाने टंकायला देतात आणि नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकता हवी अशी अट घालतात. काम संपले की 'चुका फार' म्हणून पैसे नाकारतात. पुढे वकिलाच्या नावाने फोन येतो : करार मोडलात, दंड भरा, नाहीतर पोलीस येतील. लक्षात ठेवा, कोणतेही न्यायालय फोनवरून दंड वसूल करीत नाही.

२) व्हिडिओला 'लाईक' करा, हॉटेलला तारे द्या. पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात. ते आमिष असते. नंतर 'हजार भरा, तेराशे मिळवा' असे सुरू होते. पडद्यावरचा आकडा वाढत जातो, कारण तो त्यांनीच लिहिलेला असतो. काढायला गेलात की आधी 'कर' भरा म्हणतात. आमच्या त्या पालक भगिनीचे असेच झाले.

३) यंत्र घ्या, माल आम्ही घेऊ. अगरबत्तीचे किंवा कागदी पत्रावळींचे यंत्र महागात विकतात. पहिला माल घेतात. दुसऱ्या खेपेला त्यात खोट काढतात. त्यांचा धंदा यंत्र विकण्याचा असतो.

४) तुमचे बँक खाते वापरू द्या. खात्यात आलेले पैसे पुढे पाठवा आणि दलाली घ्या. हा प्रकार सर्वांत घातक. तो पैसा दुसऱ्या कुणाला फसवून आणलेला असतो. खाते गोठते आणि चौकशी तुमच्या दारी येते. नुकतेच खाते उघडलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. मित्राने मागितले तरी पासबुक, एटीएम कार्ड वा सिमकार्ड देऊ नये.

काम स्वीकारण्यापूर्वी तीन प्रश्न

पहिला प्रश्न : काम देणारा कोण? त्याचे कार्यालय कुठे, तिथे जाऊन कोणाला भेटता येईल? मोठ्या कंपनीचे नाव सांगितले तर तिच्या अधिकृत संकेतस्थळावर ती जागा जाहीर झाली आहे का, ते पाहावे. नाव खरे आणि माणूस खोटा, असेही होते.

दुसरा प्रश्न : माझ्या कामाचा उपयोग कोणाला? शिवलेले ब्लाउज कोणीतरी घालते, केलेला मसाला कोणीतरी खातो. एका बोटाच्या स्पर्शाला पन्नास रुपये कोण आणि कशासाठी देईल?

तिसरा प्रश्न : आधी पैसे कोण देतो? नोंदणी, प्रशिक्षण, अनामत, ओळखपत्र, नाव काहीही असो, काम देण्यासाठी जो पैसे मागतो त्याचे गिऱ्हाईक आपण असतो, कामगार नव्हे.

यानंतर हिशोब. समजा एका ब्लाउजची शिलाई २०० रुपये. अस्तर, दोरा, हूक व वीज मिळून ५० रुपये गेले. उरले १५०. वेळ अडीच तास लागला, तर तासाला ६० रुपये. हा आकडा काढल्याशिवाय काम घेऊ नये आणि सोडूही नये. खऱ्या कामात कमाई बेताची असते, पण ती मोजता येते.

खरे काम कुठे शोधावे?

आधी आपल्या पंचक्रोशीत. शिकवणी, शिवणकाम, फराळाचे पदार्थ, दुकानदारांचे हिशोब संगणकावर लिहून देणे, मराठी टंकलेखन व भाषांतर, ही कामे ओळखीतून मिळतात. गावातला बचतगट हा त्याचा चांगला दुवा. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करावी. किनारी भागात घरातली खोली पाहुण्यांना द्यायची असेल तर पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते.

सरकारच्या काही सोयी विनामूल्य आहेत. केंद्राचे 'नॅशनल करिअर सर्व्हिस' पोर्टल नोकऱ्यांची माहिती देते. छोट्या उद्योगासाठी 'उद्यम' नोंदणी आहे. १६ ते ५९ वर्षांच्या असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट २०२१ पासून 'ई-श्रम' नोंदणी आहे. यांच्या नावाने शुल्क मागणारी नकली संकेतस्थळे निघतात, ती ओळखावीत.

घरून काम करणारा हाही कामगारच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र करार केला. आपल्या देशाच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही त्याची व्याख्या आहे. म्हणून दर, मुदत आणि पैसे देण्याची तारीख लिहून मागायला संकोच नको.

फसलोच तर?

लाजेने गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. पैसे ठकाच्या खात्यातून पुढे जाण्यापूर्वी अडवता येतात. प्रत्येक तास मोलाचा असतो. संदेश, क्रमांक व पावत्या पुसू नयेत. आणि 'बुडालेले पैसे परत मिळवून देतो' म्हणणाऱ्याला पुन्हा पैसे देऊ नयेत.

त्या आईने शाळेतूनच फोन लावला. शेवटी पाठवलेले चार हजार अडवले गेले, आधीचे सात हजार गेले. प्रवेशाची सोय कशीबशी झाली. आज ती बाजारातल्या एका दुकानासाठी ब्लाउज शिवते. ही हकिकत नाव न घालता छापायला तिनेच सांगितले. "दुसऱ्या कोणाचे तरी वाचतील," असे ती म्हणाली.

स्वाध्याय

१) घरातील वडीलधाऱ्यांना विचारा : आपल्या वाड्यावर पूर्वी घरी बसून कोणती कामे होत? काम कोण देई, मोबदला कसा मिळे?

२) घरून कामाची एक जाहिरात मिळवा. तिला वरील तीन प्रश्न विचारून उत्तरे वहीत लिहा. त्यातील क्रमांकावर फोन करू नका.

३) आईला किंवा आजीला येणाऱ्या एका कामाचा तासाचा हिशोब मांडा.

४) १९३० हा क्रमांक घरातील प्रत्येक मोबाईलमध्ये नोंदवा आणि तो कशासाठी आहे, ते घरच्यांना समजावून सांगा.