गडावरील दर्शनास निघताना : पादत्राणे, पाणी व इतर साधने

भोर व वेल्हे परिसरातील काही प्रमुख देवस्थाने गडांच्या व डोंगरांच्या माथ्यावर वसलेली आहेत. तोरण्यावर श्री मेंगाई देवी, राजगडाच्या पद्मावती माचीवर श्री पद्मावती देवी, तर कोर्ले गावाच्या वरील विस्तीर्ण पठारावर श्री रायरेश्वर. तोरण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर असून वेल्हे गावातून माथा गाठण्यास सर्वसाधारण भाविकास अडीच ते तीन तास लागतात. या वाटांवर मोठ्या गिर्यारोहण-साहित्याची गरज नाही. मात्र जी मोजकी साधने लागतात, त्यांना पर्याय नाही.

सर्वप्रथम विचार पायांचा. सह्याद्रीचा हा भाग लाव्हारसाच्या थरांपासून बनलेल्या काळ्या बेसॉल्टचा आहे. कोरडा कातळ पावलास चांगला धरतो. त्यावर मुरुमाचे बारीक खडे पसरले की तोच कातळ निसरडा होतो आणि पावसाळ्यात शेवाळामुळे तर काचेसारखा. गुळगुळीत तळव्याची चप्पल, शहरी सँडल अथवा चामडी तळाचे बूट येथे घातक ठरतात. तळ रबरी, खोल खाचांचा आणि किंचित मऊ असावा. कठीण प्लॅस्टिकसारखा तळ ओल्या दगडावर पकड घेत नाही. बूट किमतीने भारी असण्याचे कारण नाही. ते नवेकोरे नसावेत, एवढे पाहावे. आठ-पंधरा दिवस वापरून पायास सरावलेले असावेत, पुढे बोटांना अंगुळभर मोकळी जागा असावी आणि नखे कापलेली असावीत. घसरण्याचा धोका व नखांना होणारी इजा, दोन्ही चढण्यापेक्षा उतरताना अधिक असतात.

अनेक भाविक नवस म्हणून अनवाणी चढतात. त्यांच्या श्रद्धेचा मान राखून एक विनंती करावीशी वाटते. उन्हाळ्यात दुपारी तापलेला कातळ तळवे भाजून काढतो आणि पोळलेल्या पायांनी उतरणे हे चढण्याहून कठीण. तेव्हा अनवाणी चढावे, परंतु परतीसाठी बूट व मोजे पाठीवरील पिशवीत अवश्य ठेवावेत. लहान मुलांना मात्र नवसाच्या नावाने अनवाणी चालवू नये.

पाणी दरडोई किमान तीन लिटर घ्यावे. गडावरील टाक्यांत पाणी असले तरी ते उकळल्याशिवाय वा शुद्ध केल्याशिवाय पिण्यायोग्य समजू नये. तीन लिटर म्हणजे तीन किलो ओझे. ते हातातील पिशवीत नको. दोन्ही हात मोकळे राहतील अशी, रुंद पट्ट्यांची पाठपिशवी घ्यावी. जड वस्तू पाठीला लागून ठेवाव्यात, म्हणजे तोल मागे जात नाही. सोबत गूळ, शेंगदाणे आणि मीठ-साखरेची पुडी असावी.

पावसाळ्यात छत्री माचीवरच्या वाऱ्यात टिकत नाही आणि एक हात अडकवते, ते वेगळेच. डोक्यासह अंग झाकणारा रेनकोट बरा. जीन्सची विजार भिजली की जड होते व लवकर वाळत नाही. त्याऐवजी पातळ कृत्रिम धाग्याची विजार घालावी. थंडीतील मुक्कामास लोकरीचे वस्त्र उत्तम, कारण लोकर ओली झाली तरी काही प्रमाणात ऊब राखते. आपल्या मावळी घोंगडीचे मोल येथे कळते.

विजेरी दिवसाच्या दर्शनासही बाळगावी. उशीर कोणास सांगून होत नाही. डोक्यास बांधण्याची विजेरी असल्यास हात कठड्यासाठी मोकळे राहतात. एक शिट्टीही ठेवावी. मिनिटात सहा वेळा वाजवून मिनिटभर थांबावे आणि पुन्हा वाजवावे, हा गिर्यारोहकांचा संकटाचा संकेत होय. भ्रमणध्वनी लागल्यास ११२ वर संपर्क साधावा. परंतु डोंगराच्या आडोशास तो लागेलच असे नाही. मेघगर्जना सुरू होताच रायरेश्वराची लोखंडी शिडी, गडवाटेवरील लोखंडी कठडे व उघडा माथा यांपासून दूर व्हावे. कड्यांवर आग्या मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून अत्तर लावू नये, धूर करू नये व आरडाओरड टाळावी.

राहिला दोर. वरील तिन्ही ठिकाणच्या नेहमीच्या वाटांवर तो लागत नाही. याच तालुक्यातील मोहरी गावाजवळून दिसणारा लिंगाणा मात्र सरळसोट कातळसुळका असून तेथे दोर, कमरेस बांधण्याचा हार्नेस, कॅराबिनर व हेल्मेट यांवाचून पाऊल टाकू नये आणि प्रशिक्षित नेता नसेल तर तेथे जाऊच नये. गिर्यारोहणाचा दोर दोन प्रकारचा असतो. ताण आल्यावर लांबणारा दोर पडणाऱ्याचा झटका शोषून घेतो. न लांबणारा दोर उतरण्यास वा ओझे ओढण्यास वापरतात आणि त्यावर पडल्यास झटका थेट शरीरास बसतो. बाजारातील बांधणीचा नायलॉन दोर या दोहोंत मोडत नाही. गावातील तरुणांना बचावकार्यासाठी दोर भेट देऊ इच्छिणाऱ्या देणगीदारांनी तो प्रमाणचिन्ह पाहून घ्यावा आणि खरेदीची तारीख नोंदवून द्यावा. न वापरलेला दोरही दहा वर्षांनंतर बाद समजतात.