शिसव आणि शिसम: चुलतभावांची गल्लत

प्रश्न : आजोळच्या मोडक्या शिसवी पलंगाचे चार पाय मिळाले आहेत. बाजारात ‘शिसम’ म्हणून मिळते ते हेच लाकूड का? यातून काय करता येईल?

उत्तर : हेच नव्हे. शिसव (डालबर्जिया लॅटिफोलिया) पश्चिम घाटाच्या पानझडी जंगलातली. शिसम (डालबर्जिया सिस्सू) हिमालयाच्या पायथ्याच्या नदीकाठची. कूळ एक, घरे वेगळी. शिसम सोनेरी-तपकिरी असते. शिसवीत जांभळट झाक आणि काळ्या रेघा दिसतात. वजनही बोलके: सागवान घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो, तर शिसव 800 च्या पुढे.

हे लाकूड सुताराची परीक्षा पाहते. तंतू एकमेकांत गुंतलेले, त्यामुळे रंधा उलटा चालला की पापुद्रे निघतात. मधूनच चुनखडीसारखे कण लागतात आणि पटाशीची धार बघता बघता बसते. रंधा बारीक लावावा, धार वारंवार करावी. स्क्रूसाठी आधी भोक पाडावे, नाहीतर लाकूड तडकेल. भुशाने काहींना खाज आणि शिंका येतात, मास्क हवाच.

पायांची जाडी लेथवर चढवायला उत्तम. पटाशीच्या मुठी, लाटणे, बुद्धिबळातल्या काळ्या सोंगट्या होतील. (शिसवी लाटणे हातात जड लागते, पण पोळी झटपट लाटली जाते.) गिटारची पाठ आणि बाजू याच लाकडाच्या करतात, त्यासाठी मात्र रुंद फळी लागते.

2017 पासून शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटिस’ या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे, 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. परदेशातल्या नातेवाइकांना मुठी पाठवायच्या असतील, तर आधी नियम तपासावेत.